दोन इंच खाली

"ठेवा अजून एक," बना म्हणाली.

तिच्या बापाने, मायाप्पाने, शहाबादी फरशीचा आणखी एक तुकडा उचलला, हाताने माती पुसली आणि अंगणातल्या चळतीवर बेताने ठेवला. बना तिच्या पाटावर बसली होती. पाटाला खाली चार बेअरिंगांची चाकं होती, बापानेच बसवलेली. हातांत दोन लाकडी ठोकळे धरून ती जमिनीला रेटा द्यायची आणि घर्रर्र करत घरभर फिरायची. आता तिने ठोकळे बाजूला ठेवले, पाठ चळतीकडे केली, तळहात मागे फरशीवर टेकले आणि डोळे मिटून सगळं अंग वर उचललं. दंडाच्या शिरा फुगल्या. परकराखालचे दोन काटकुळे पाय तिच्यामागोमाग फरफटत वर आले.

"बसले," ती म्हणाली. "ठेवा अजून."

"आता पुरं की," चुलीपाशी भाकरी थापत असलेली गोजाबाई म्हणाली. "मनगट मोडून घेतीस का?"

"आई, तू भाकरी बघ. करपली."

पुढच्या फरशीला मात्र अंग निम्म्यात अडलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कोपर लटपटलं आणि ती पाटावर बसकन आली. मायाप्पाने ती वरची फरशी काढून टाकली. हातातली काठी चळतीला लावून धरली, चाकूने तिच्यावर खाच पाडली आणि खिशातली पट्टी काढून मोजलं.

"साडेधा," तो म्हणाला. "साडेधा इंचापतुर तुझं तुला येतंय. गाडीच्या दाराचा उंबरा साडेबारा हाय."

"मग?"

"मग काय? तू वर येत न्हाईस, तर गाडी खाली येईल. दोनच इंच तर हाय."

बना हसली. हनुवटीवरची टाक्यांची खूण हसताना एका बाजूला ओढली जायची. ती खूण ताजी होती. गाडीत चढायला खाली लाकडी चौरंग ठेवून बघितला होता. गल्लीतल्या उताराच्या फरसबंदीवर तो सरकला आणि ती तोंडावर आपटली. तेव्हापासून चौरंग ठेवायचं नाव कुणी काढलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ताप आला आणि बनाचे पाय गेले. त्याला आता सतरा वर्षं झाली होती. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला मायाप्पा त्याआधीच सोलापुरात येऊन गॅरेजात लागला होता, म्हणून पोरीला शाळा तरी मिळाली. मॅट्रिकनंतर ती टायपिंगच्या क्लासला जायला लागली. सायकलच्या कॅरिअरवर बसवून, पोटाला पट्टा बांधून मायाप्पा तिला न्यायचा, उचलून खुर्चीत ठेवायचा, तासाने पुन्हा उचलून आणायचा. सोळावं लागलं तशी ती उचलताना मान दुसरीकडे वळवायला लागली. एकदा म्हणाली, "आबा, समदी बघत्यात." मायाप्पा म्हणाला, "बघूंदेत की." पण त्या दिवसापासून तो क्लासच्या दाराशी पोचला की आधी इकडेतिकडे बघायचा.

आणि आता चाटी गल्लीतल्या संगप्पाअण्णांच्या पेढीवर जागा निघाली होती. चादरींचा व्यापार, कानपूर, इंदूर, मद्रासकडे पत्रं जायची. अण्णांनी बनाला बसक्या डेस्कावर टाइप करायला लावलं, कागद वर धरून बघितला, चूक सापडली नाही.

"आमच्याकडे सगळं गादीवरच," अण्णा म्हणाले. "खुर्चीची भानगडच नाही. ओट्याला फळी लावून देतो, तुझा चाकांचा पाट चढेल वर." मग त्यांनी मायाप्पाला बाजूला घेतलं, पण बनाला ऐकू जाईल इतकंच बाजूला. "एक सांगतो, राग मानू नकोस. पेढीवर गिऱ्हाईक बसलेलं असतं. वयात आलेल्या पोरीला बापानं उचलून आणायचं, उचलून न्यायचं, गल्लीनं उभं राहून बघायचं, हे रोज बरं दिसणार नाही. तिचं तिला उतरायला-चढायला येत असेल तर पाठव. नाहीतर मग…"

"येतं," बना मागून म्हणाली.

तेव्हा येत नव्हतं.

गाडी म्हणजे एका डॉक्टरांच्या परसात लिंबाखाली सहा वर्षं पडून राहिलेली जुनी फियाट. पुढून डुकराच्या तोंडासारखी, म्हणून डुक्कर फियाट. आत कोंबड्या अंडी घालायच्या. जागा मोकळी होईल म्हणून डॉक्टरांनी ती मायाप्पाला नेऊ दिली आणि दोन वर्षं रविवारी-रविवारी खपून त्याने ती चालती केली. तिचं पुढचं दार उलटं होतं, पुढच्या कडेने उघडून मागे जाणारं. पाठमोरं बसणाऱ्या माणसाला तसलंच दार सोयीचं. पुढची डावी सीट काढून मायाप्पाने तिथे चार बोटं उंचीची लाकडी पेटी बसवली होती, वर गादी. पेटी बनाच्या हट्टाची. "नुसतं तळाला बसवलं तर खिडकीतनं आभाळच दिसतंय आबा. माणसं दिसत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मागच्या अंगणात तिप्पण्णाने पोतं अंथरलं आणि त्यावर स्प्रिंगांच्या तीन जोड्या मांडल्या. तिप्पण्णा मैंदर्गीचा, गाड्यांच्या पाट्यांची आणि स्प्रिंगांची त्याची भट्टी होती. मागच्या चाकांवरचे, एकावर एक पोलादी पानं रचलेले पाटे त्याने सकाळीच खाली आणून दिले होते. एकेक पान काढलं, उरलेल्यांची कमान भट्टीत सपाट केली. मागची बाजू दोन इंच खाली आली होती. प्रश्न पुढच्याचा होता.

"ही तुझ्या गाडीचीच," तिप्पण्णा म्हणाला. "म्हातारी झाली, पण मऊ हाय. ही दुसरी तसलीच, गॅसनं दीड वेढा कापलेली. बेकार. नको ही. जाळानं पोलादाचं पाणी जातं, कवा तुटंल सांगता येत न्हाई. आणि ही मुंबईची. शर्यतवाल्या पोरांनी काढून टाकलेली."

तिसरी जोडी बुटकी होती. तार अंगठ्याएवढी जाड, वर लाल रंग. मायाप्पा त्यांतल्या एकीवर फळी टाकून उभा राहिला. स्प्रिंग जागची दबली नाही. मग तो जुन्या मऊ स्प्रिंगवर उभा राहिला. ती त्याला घेऊन खाली गेली आणि हळूच वर आली.

"मऊ हाय ती तुझ्या पोरीला बरी," तिप्पण्णा म्हणाला.

"उंच हाय ती. अन् दबती. बनानं उंबऱ्यावर हात टेकला की उंबरा खाली जाणार. हात निसटला की पुन्हा दवाखाना." मायाप्पाने लाल स्प्रिंग उचलली. "ही घेतो. शॉकापबी तसलेच दे, जाडजूड. गाडी जागची हलली न्हाय पायजे."

"गाडी हलणार न्हाई. पण रस्ता समदा आत येईल बघ."

"तिचं वजन ते काय! पिसागत पोर."

"म्हणून तर बोलतोय. जड माणसाखाली कडक स्प्रिंग मऊ व्हती. पिसाखाली न्हाई व्हत."

मायाप्पाला ते कळत नव्हतं असं नाही. वीस वर्षं गॅरेजात घालवलेला कारागीर होता तो. पण त्याच्या डोळ्यांसमोर हनुवटीचे टाके होते, आणि अण्णांचं ते अर्धवट सोडलेलं "नाहीतर मग…" होतं. त्याने लाल जोडी बसवली आणि उंबरा साडेदहा इंचांवर आला.

एक काम मात्र त्याने मन लावून केलं. घरातल्या जोंधळ्याचं पोतं गिरणीतल्या काट्यावर नेऊन बत्तीस किलोवर आणलं, बनाच्या वजनाएवढं. ते पेटीवर बसवलं आणि सात रस्ता चौकावरून चाटी गल्लीपर्यंत दोनदा नेऊन आणलं. खड्ड्यात बॉडी कुठे घासते का ऐकलं. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"गोजा, बघ. पोतं जागचं हललं न्हाय!"

गोजाबाईने पोतं बघितलं. तीही हसली. तिला तरी काय कळणार होतं.

पहिल्या दिवशी चाटी गल्लीत माणसं थांबली होती. बनाने दार उघडलं, पाट दोरीने खाली सोडला, उंबऱ्यावर सरकली आणि पाटावर उतरली. फळीवरून घर्रर्र करत वर गेली. संध्याकाळी तशीच आली, पाठ गाडीकडे केली, हात टेकले आणि चढली. गाडी दगडासारखी स्थिर. मग दोरीने पाट ओढून आत घेतला आणि दार लावलं. मायाप्पा स्टिअरिंगमागे बसून समोर बघत राहिला होता. त्याने मान वळवली नाही. घरी येऊन त्याने हे सगळं गोजाबाईला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी बनाच म्हणाली, "आबा, जेवा आता."

महिना चांगला गेला. जेवताना बना गावांची नावं सांगायची. आज कानपूरला तीन पत्रं, आज मद्रासचा माल अडकला. खिडकीतून काय दिसलं ते सांगायची. जाताना-येताना खड्डा आला की मायाप्पा विचारायचा, "लागलं का गं?"

"न्हाय, आबा."

रस्ता दुष्काळाच्या कामातला होता. खडी वर आलेली. तो गाडी चालत्या माणसाच्या वेगाने न्यायचा. तरी पेटी प्रत्येक खडीला बोलायची.

बना आताशा एकटीच न्हायला लागली होती. "मी घेते माजं पाणी, तू जा," म्हणायची. गोजाबाईला बरं वाटायचं. कमावती झाली, लाजते, असं. मग एका बुधवारी मोरीच्या कोपऱ्यात बादलीखाली लपवलेला परकर तिला सापडला. मागच्या बाजूला डाग होता. रक्ताचा, आणि त्याभोवती पिवळट. ते दिवस तर नव्हते. ते दिवस आईला माहीत असतात.

मायाप्पा गॅरेजला गेल्यावर तिने दार लावलं.

"पालथी व्हो."

"कशाला?"

"व्हो म्हणते न्हवं."

माकडहाडावर चार आण्याच्या नाण्याएवढी जागा उघडी होती. भोवतीची कातडी काळी-निळी. दोन्ही बाजूंच्या हाडांवर तसलेच दोन डाग, अजून न फुटलेले. गोजाबाईने हात लावला नाही. ही कातडी तिने सतरा वर्षं सांभाळली होती. लहानपणी रोज तेल लावून, कुशी बदलून, रात्री दोन-दोनदा उठून. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, हिला मांस धरायचं नाही, जपा. तिने जपलं होतं.

"कवापासनं?"

बना उशीत तोंड खुपसून होती. "पंधरा दीस झालं."

"अगं, अन् बोललीस न्हाईस?"

"बोलून?" बनाने तोंड वळवलं. "आबा ती स्प्रिंग काढत्याल. स्प्रिंग काढली की मला चढता येत न्हाय. चढता येत न्हाय की पेढी बंद. सांग, बोलून काय करू?"

"पर हे…"

"बरं व्हतंय ते. तू आबाला सांगायचं न्हाय. माजी शप्पथ घे." तिने आईचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घे."

गोजाबाईने घेतली. आईने अशी शपथ घ्यायची नसते. पण समोर पालथी पडलेली ती पोर होती, आणि तिच्या तोंडावर भीती होती ती जखमेची नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी दवाखान्यातल्या सिस्टर राहायच्या. गोजाबाईने त्यांना दुपारी बोलावून आणलं. त्यांनी जखम धुतली, मलम लावलं आणि बाहेर ओट्यावर येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अजून वरवर आहे. हाडापर्यंत गेलं तर माझ्या हातात काही नाही. तिला पालथी ठेव. बसायला हवेची ट्यूब दे. आणि तिला कशात बसवून नेता-आणता तुम्ही? तो मार थांबव आधी."

गोजाबाईने नवऱ्याकडे स्कूटरची जुनी ट्यूब मागितली; त्याने कशाला म्हणून विचारलंही नाही. पेढीवर ट्यूबचा उपयोग झाला. गाडीत मात्र झाला नाही. पाय रोवायला नसलेली पोर ट्यूबवरून प्रत्येक खड्ड्याला उडायची आणि पेटीच्या कडेवर आदळायची. चौथ्या दिवशी तिने ट्यूब मागे फेकून दिली. त्या संध्याकाळी जखम रुपयाएवढी झाली होती.

मग ताप आल्याचं सांगून बना घरी राहिली. चार दिवस पालथी झोपली. मायाप्पा सकाळ-संध्याकाळ दारातून विचारायचा, "उतरला का?" बना म्हणायची, "उतरतोय." शनिवारी पेढीवरून निरोप आला, पत्रं साठली आहेत, सोमवारी यायला जमत नसेल तर अण्णा दुसरी सोय बघतील.

रविवारी दुपारी मायाप्पा अंगणात गाडीखाली आडवा पडून नटबोल्ट आवळत होता. सोमवारसाठी गाडी तयार ठेवत होता. बना आत झोपली होती. गोजाबाई ओट्यावर बसून त्याच्या बाहेर आलेल्या पायांकडे बघत राहिली. या माणसाला बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून कळायचं, कोणतं रबर फाटलंय, कोणती पिन झिजलीय. आणि पोरीला ताप नाही हे त्याला चार दिवसांत कळलं नव्हतं. कळणार कसं? वयात आलेल्या पोरीच्या अंगाचं बापाने बघायचं नसतं, विचारायचं नसतं. आईने सांगायचं नसतं. शपथ नसती तरी तिला शब्द कुठून मिळाले असते?

"अवो, जरा भाईर या."

"बोल की. ऐकतोय."

"गाडीखालनं ऐकायचं न्हाय ते."

तो हात पुसत बाहेर आला. गोजाबाईने त्याचा तेलकट हात धरला. दिवसाउजेडी, उघड्या अंगणात. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. लुगडं जरा वर करून तिने त्याचा अंगठा आपल्या पायाच्या घोट्यावर ठेवला.

"दाबा."

"काय झालंय तुला?"

"दाबा म्हणते. हाड लागलं का?"

"लागलं."

"त्येच्यावर मांस हाय?"

"घोट्यावर कुटलं मांस?"

"बनाचं मागं समदं असं हाय." तिने आतल्या दाराकडे बघितलं. "ताप न्हाय तिला. फाटलंय तितं. रोज दोनदा ती त्या हाडावर बसून जाती अन् येती."

मायाप्पाचा अंगठा घोट्यावरून हलला नाही. मग तो इतकंच म्हणाला, "पोतं जागचं हललं न्हवतं, गोजा."

गोजाबाईने लुगडं खाली ओढलं.

तो उठला आणि सायकल काढून तिप्पण्णाकडे गेला. तासाभराने दोघं आले. तिप्पण्णाने जुनी मऊ जोडी आणली होती, जुने शॉकापही. एका शब्दानेही त्याने "मी म्हणालो होतो" असं म्हटलं नाही. जॅक लावला, लाल स्प्रिंगा बाहेर आल्या, जुन्या आत गेल्या. मागचे सपाट पाटे होते तसेच ठेवले. गाडी खाली घेतल्यावर मायाप्पाने पट्टी लावली. मागचं दोन इंच खालीच राहिलं होतं. पुढचं वर गेलं होतं. उंबऱ्याला पावणेबारा. सव्वा इंच जास्त.

"आणखी न्हाई उतरत," तिप्पण्णा म्हणाला. "मऊ अन् खाली, दोन्ही एकदम न्हाई मिळत. मिळालं असतं तर मोठ्या कंपनीनं केलं नसतं का?"

आवाजाने बना जागी झाली होती. पाटावरून ती दारात आली. जमिनीवर पडलेल्या लाल स्प्रिंगा बघितल्या. मग आईकडे बघितलं.

"सांगितलंस."

"बना…"

"माज्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंस." ती रडत नव्हती. "मला इचारलं कुणी? जखम माजी हाय. नोकरी माजी हाय. तुमी दोगं स्प्रिंगा बदलताय!" ती पाट रेटत गाडीपाशी आली, पाठ फिरवली, हात टेकले. तिच्या भाराने उंबरा जरा दबला, पण पुरेसा नाही. कोपर निम्म्यात अडलं. दुसऱ्यांदाही. "बघा," ती धापा टाकत म्हणाली. "बघा आता. उद्या गिऱ्हाइकांसमोर उचला मला."

तिप्पण्णा खाली बघून हत्यारं गोळा करत राहिला.

"उद्या जायाचं का न्हाय तुला?" मायाप्पाने विचारलं.

"जायाचं."

"मग जायाचं."

"उतरीन मी. चढू कशी?"

"बघू," मायाप्पा म्हणाला.

सकाळी गोजाबाईने मलम लावून जाड कापडाची घडी बांधून दिली आणि मायाप्पाने अंगणातच, कुणी बघायच्या आत, पोरीला उचलून पेटीवर ठेवलं. गाडी गेली तेव्हा ती दाराशी उभी राहून ऐकत होती. पेटी बोलली नाही. खडीवरून गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. पण दिवसभर तिच्या हातातून भांडी निसटत होती. संध्याकाळी मायाप्पा गॅरेजवरून गाडी घेऊन निघायच्या आत ती तिथे जाऊन मागच्या सीटवर बसली. त्याने गाडी चालू केली.

चाटी गल्लीत सहाच्या सुमाराला पाय ठेवायला जागा नव्हती. चादरीचे गठ्ठे, हातगाड्या, लग्नाच्या खरेदीला आलेली माणसं. पेढीवर अण्णांसमोर चारजण बसले होते, अक्कलकोटकडचे असावेत, कानडीत भाव चालला होता. बना फळीवरून घर्रर्र करत खाली आली. रोजच्या सवयीने शेजारच्या दुकानातले दोघंतिघं बघायला पुढे झाले. बनाचं तोंड पांढरं होतं. ती बापाकडे बघत होती. कधी उचलतो आणि कधी हे संपतं, असं.

मायाप्पा उतरला, पुढून वळसा घालून तिच्या बाजूला आला. उलटं दार उघडून मागे सारलं. तो पोरीकडे वाकला नाही. तिच्याकडे पाठ करून तो पुढच्या मडगार्डवर बसला. आधी टेकला, मग सगळा भार सोडून मागे रेलला, हाताची घडी घातली, पाय जमिनीवरून उचलून चाकावर टेकवले. खिशातून बिडी काढून ओठात धरली आणि समोरच्या दुकानातल्या चादरी बघायला लागला.

मागच्या सीटवर गोजाबाईला आपण कलतोय असं वाटलं. मग तिला कळलं. गाडीचा तो कोपरा त्याच्याखाली वाकला होता.

बनाने उंबऱ्याकडे बघितलं. मग बापाच्या पाठीकडे, त्याच्या खाकी शर्टावरच्या तेलाच्या डागांकडे. तिने पाट गाडीला भिडवला, पाठ फिरवली, हात टेकले.

पहिल्यांदा हात सरकला. "अरे अरे," कुणीतरी म्हणालं.

"मायाप्पा!" अण्णा गादीवरूनच ओरडले. "पोरगी धडपडतीय आणि तू बिडी ओढत बसलास? हात तरी दे तिला!"

"तिचं तिला येतंय की, अण्णा," मायाप्पा मान न वळवता म्हणाला.

"काय बाप म्हणायचा हा," शेजारचा दुकानदार म्हणाला. "हापिसरावानी बसलाय बघा."

कुणीतरी हसलं. गोजाबाईने पुढच्या सीटची कड घट्ट धरली. हात पुढे करायचा नाही, करायचा नाही, असं ती स्वतःला बजावत होती. बनाने परकर सावरला, पुन्हा हात टेकले, डोळे मिटले. दंड थरथरले. पुढे मडगार्डवर बसलेल्या माणसाच्या मानेची शीर तशीच ताठली होती.

ती उंबऱ्यावर आली. क्षणभर तिथेच बसली. मग सरकून पेटीवर. दोरीने पाट आत ओढला. दार हात लांबवून लावून घेतलं, तेव्हा जरा जोरात आपटलं.

मायाप्पा लगेच उठला नाही. आधी एक पाय जमिनीवर टेकवला. मग दुसरा. भरली घागर डोक्यावरून उतरवावी तसा त्याने आपला भार थोडा थोडा काढून घेतला. गाडी बनाला घेऊन बोटभर वर आली. हिसका नाही, आवाज नाही. बनाने खिडकीच्या काठावर हात ठेवला होता. तो हात वर आला, तशी तिने मान खाली घातली.

"लाज न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं. गल्लीतली माणसं अजून उभी होती. सगळी मायाप्पाकडे बघत होती.

तो स्टिअरिंगमागे येऊन बसला. शर्ट पाठीला चिकटला होता. किल्ली फिरवायच्या आधी त्याने ओठातली बिडी काढली आणि कानावर ठेवून दिली. ती पेटवलेलीच नव्हती.